एक कबर बिनचुन्याची

राखेच्या बुधवारी उपासना संपली, कपाळावरची राख अजून कुणी पुसली नव्हती, आणि पाळकसाहेब कागद घेऊन उभे राहिले. चाळीस दिवसांचा कार्यक्रम. आमची मंडळी लुथरन. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही पाळतो. उपास कोण धरतं, कोण नाही, पण कामाच्या यादीतून कुणी सुटत नाही. दर बुधवारी संध्याकाळी उपासना. दर शनिवारी सकाळी शिकवणीचा वर्ग. जालना रोडला करमाडजवळ पाणपोई, तिथं तिघातिघांची पाळी. शेवटच्या आठवड्यात कब्रस्तानाची सफाई आणि कबरींना चुना. "ते आपले मिस्तरीकाका बघतीलच," साहेब म्हणाले. मी मान हलवली. ते मी वीस-बावीस वर्षं बघत आलोय.

मग उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, यादी. त्या दिवशी बारा ते तीन उपासना चालते. प्रभू वधस्तंभावर असताना सात वेळा बोलला, त्याला आम्ही सात उद्गार म्हणतो. मंडळीतली सात माणसं एकेका उद्गारावर बोलतात. माझा पाचवा ठरलेला, तहानेचा. मी गवंडी, सगळा जन्म उन्हात गेला, तहान मला समजते. चार वाक्यं बोलतो नि बसतो. लोकांना माझं बोलणं आवडतं, कारण मी लवकर बसतो.

साहेबांनी वाचलं, "पहिला उद्गार, क्षमेचा," आणि माझं नाव घेतलं.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. कारण डावीकडं तिसऱ्या बाकावर माझा धाकटा भाऊ बसला होता, आणि त्याच्याशी मी पाच वर्षं बोललो नव्हतो. हे चर्चमधल्या लेकराबाळांना पण माहीत. साहेब पुढं वाचत गेले. "पाचवा, तहानेचा," आणि नाव धाकट्याचं.

व्हरांड्यात मी साहेबांना गाठलं. वयानं ते माझ्या मुलापेक्षा लहान.

"साहेब, चिठ्ठ्या टाकल्या का मनानं लिहिलं?"

"मनानं लिहिलं, काका."

खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

"माझा पाचवा असतो."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला देतो."

जमत नसेल! या शहरात मी पाण्याच्या टाक्या बांधल्या, गोल जिने बांधले, इंजिनियर लोकांनी चुकवलेले स्लॅब सावरले. जमत नाही हा शब्द मी कुणापुढं काढला नाही.

"दुसऱ्याला कशाला देता," मी म्हणालो. "बोलतो मी."

गेटाशी धाकटा उभा होता. दर रविवारी उभा असतो तसाच. आमच्या लोकांत भेटलं की सलाम म्हणायची रीत आहे. "सलाम, दादा," तो म्हणाला. मी त्याच्या चपलांकडं बघत पुढं निघालो. पाच वर्षं त्याचा सलाम असा जमिनीवर पडत आला होता.

उस्मानपुऱ्यात घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ज्याला माफ केलं नाही तो समोर बसलेला असताना माफीवर बोलायचं कसं? जमवून बोललो तर ते खोटं, आणि खोटं कुठं, तर त्या वधस्तंभासमोर. उद्गार परत दिला तर सगळी मंडळी म्हणणार, मिस्तरी हरला. चाळीस दिवस हातात होते.

आता झालं काय होतं ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की म्हाताऱ्याला उगीचच राग.

आमच्या कब्रस्तानात वर हातभर माती, खाली काळा खडक. कबर खणायची तर पहार, घण, छिन्नी, आणि दोन तगड्या माणसांचा दीड दिवस. आठ वर्षांपूर्वी बायको गेली. तिची कबर मी माझ्या हातानं खणली. महिन्याभरानं परत गेलो आणि तिच्या उजव्या अंगाला दुसरा खड्डा घेतला. पंधरा दिवस लागले. खडक फोडून बाहेर काढला, आत चाळलेली मऊ माती भरली, चारी बाजूंनी विटेची कड बांधली, गुण्या लावून, काटकोनात. ती माझी जागा. मी मेल्यावर माझ्यासाठी कुणाला घाम गाळायला लागू नये. लोक मुद्दाम बघायला यायचे. म्हणायचे, "मिस्तरी, तुम्ही मरणाची तयारी पण ओळंब्यात केली की!" मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

तीन वर्षांनी कोरोनाची दुसरी लाट आली. मी सरकारी दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजन. तिकडं पुंडलिकनगरात धाकट्याची बायको चार दिवसांत गेली. मला कुणी काही सांगितलं नाही. सतरा दिवसांनी बाहेर आलो, पायात जरा बळ आलं तशी काठी घेऊन बायकोच्या कबरीवर गेलो. माझ्या विटांच्या कडेच्या आत मातीचा ढीग होता. वर लाकडी क्रूस. क्रूसावर माझ्या भावजयीचं नाव.

भावजय गुणाची बाई होती. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता. राग धाकट्यावर. मी जिवंत होतो ना? मला विचारता येत नव्हतं, तर निदान थांबायचं. लहानपणी आईनं त्याला बोर्डिंगात घातलं, आणि घर चालावं म्हणून मी चौथीतून उठून थापी धरली. तो मास्तर झाला, पेन्शनीत गेला, चार माणसांत छान बोलतो. शाळा त्याची, खुर्ची त्याची. मेल्यावर बायकोशेजारी पडायची साडेसहा फुटांची जागा तेवढी मी माझी म्हणून केली होती, ती पण त्यानंच घ्यावी?

तो सांगायला आला होता. तीनदा आला. मी कडी काढली नाही. "चोरलीस माझी जागा," एवढंच आतून ओरडलो.

तेव्हापासून मी एक केलं. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जाते. त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या कबरींना चुना मी मारतो. भावजयीच्या कबरीला मारला नाही. धाकट्यानं दुसऱ्या कुठल्या गवंड्याकडून तिच्यावर ओटा बांधून घेतला होता. एक कोपरा गुण्यात नाही, गिलाव्याला भेगा. माझा कुंचा बायकोच्या कबरीच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथं थांबायचा. पांढऱ्याशुभ्र रांगेत एकच कबर काळपट. चार ईस्टर लोकांनी ते बघितलं. धाकट्यानं स्वतः चुना मारायला काय हरकत होती? पण तोही मारत नव्हता. का, ते मला कळत नव्हतं, आणि विचारणार कसं?

पहिल्या शनिवारी वर्गाला गेलो. सात उद्गारवाले पुढच्या बाकांवर. आमच्याकडं लहानपणी प्रश्नोत्तरी पाठ करून घेतात. प्रार्थनेतलं एक वाक्य म्हणायचं, मग शिकवणारा विचारतो, म्हणजे काय? मग त्याचा अर्थ म्हणायचा. वाचताना मी अडतो, पण पाठांतरात मला कुणी हरवू शकत नाही. साहेबांनी नेमकं माफीचं वाक्य मला विचारलं. आम्ही जसं दुसऱ्याला माफ केलं तसं तू आम्हाला कर, त्या अर्थाचं ते वाक्य आहे. मी घडाघडा म्हटलं.

"म्हणजे काय?"

अर्थही घडाघडा म्हटला.

"हे पाठ केलेलं झालं, काका. तुमच्यापुरतं म्हणजे काय?"

मागं कुणीतरी खोकलं. धाकटा माझ्या मागच्याच बाकावर होता, त्याच्या चष्म्याच्या डबीचा आवाज मला ओळखू येतो. डबी उघडली, मिटली.

आमच्या मंडळीत एक रिटायर नर्स आहेत, माझ्याच वयाच्या, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणतात. त्यांना दुसरा उद्गार होता. त्या म्हणाल्या, "साहेब, मिस्तरींना घाई करू नका. त्यांचं सिमेंट अजून ओलं आहे."

"पाच वर्षांत सिमेंटाचा दगड होतो, बाई," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

वर्ग सुटल्यावर बाई माझ्याबरोबर गेटापर्यंत आल्या. "तुमचं जागेवरूनच अडलंय ना? अहो, कमिटीचा नियम आहे. ठरलेली वर्षं भरली की घरच्याच माणसाची कबर उघडून त्यात दुसऱ्याला ठेवता येतं. तुमच्या मिसेसच्या कबरीतच जागा आहे तुम्हाला."

"तिची झोपमोड करू?"

"तुम्ही शेजारी येऊन पडला असता तरी केलीच असती. घोरता ना तुम्ही?"

"बाई, मी कुणाला उघडू देणार नाय. विषय संपला."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमचा विषय लवकर संपतो. म्हणूनच लोकांना आवडता."

चौथ्या आठवड्यात पाणपोईवर माझी पाळी आली. यादीत माझ्या नावाखाली सिस्टरबाईंचं नाव, त्याखाली धाकट्याचं. हे पण साहेबांनी मनानंच लिहिलं असणार.

करमाडच्या अलीकडं, एका लिंबाखाली पत्र्याची सावली केलेली. ओलं पोतं गुंडाळलेले तीन रांजण. साहेबांनी सक्त ताकीद दिली होती, नुसतं पाणी द्यायचं. पत्रक नाही, उपदेश नाही, बॅनर नाही. दिवस असे आलेत की पाण्यालाही लोक कारण विचारतात. एक मोटारसायकलवाला थांबून विचारूनही गेला, "कुणातर्फे हाय हे?" बाई म्हणाल्या, "रांजणातर्फे." तो दोन तांबे पिऊन गेला.

नऊ ते दोन आमची पाळी. धाकटा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे बाई. त्याला तांब्या पाहिजे असला की तो बाईंना सांगायचा. मला रांजण कलवायचा असला की मी बाईंना सांगायचो. तासाभरानं बाई वैतागल्या. "मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे का?" उन्हानं डांबर चकाकत होतं.

अकराच्या सुमाराला एक म्हातारा मेंढपाळ आला. मेंढरं त्यानं लिंबाच्या सावलीत थोपवली आणि माझ्यापुढं ओंजळ धरली. मी वरून धार सोडली. पोटभर प्याला, मिशा पुसल्या, आणि एकदा माझ्याकडं, एकदा धाकट्याकडं बघायला लागला.

"भाऊ-भाऊ दिसताय."

"नाय," मी म्हणालो.

तोंडातून आपोआप गेलं. विचार करून बोललो असतो तर कदाचित गप्प बसलो असतो.

"नाय कसं? नाक बघा की दोघांचं! शंभर मेंढरांत कोणतं पिल्लू कुणाचं ते सांगतो मी, आन् माणसाचं वळखू येत नाय व्हय?"

"नाय म्हणलं ना बाबा."

"ऱ्हायलं," म्हातारा म्हणाला, आणि मेंढरांना हाळी देत निघून गेला.

धाकट्याच्या हातातला तांब्या भरून वाहत होता. पाणी त्याच्या पायावर पडत होतं, त्याला कळत नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, "एकदा झालं, मिस्तरी. कोंबडा कुठं दिसतो का बघा."

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगतो. प्रभूला धरून नेलं त्या वेळी त्याच्या सगळ्यात जवळच्या शिष्यानं, मी याला ओळखत नाही, असं तीनदा सांगितलं. मग कोंबडा आरवला, आणि त्याला आपण काय केलं ते समजलं. दरवर्षी या चाळीस दिवसांत आम्ही हे ऐकतो. मी लहानपणापासून त्या शिष्याला मनात शिव्या देत आलो होतो.

दोन वाजता पुढच्या पाळीची माणसं आली. "सलाम, दादा," धाकटा म्हणाला. मी रांजणाचं पोतं सारखं करत बसलो.

घरी वही काढली. मला लिहायला वेळ लागतो, एकेक अक्षर वीट लावल्यासारखं लावावं लागतं. पहिल्या ओळीत लिहिलं, माफी म्हणजे. पुढं काही येईना. रोज दुपारी वही उघडायचो, ते दोन शब्द बघायचो, मिटायचो. असे दिवस गेले. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार गेला. गुरुवार आला. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन, आणि दुसऱ्या दिवशी बाराला मला उभं राहायचं होतं.

दुपारी सून भाजी निवडत बसली होती. मुलगा शेंद्र्याला कंपनीत, पहिल्या पाळीला. सून मला मामा म्हणते.

"मामा, काय लिहिताय?"

"उद्याचं."

तिनं वाकून वहीत बघितलं. दोनच शब्द. भाजीची परात तिनं बाजूला सरकवली.

"मामा, एक सांगू? ओरडू नका."

"ओरडायचं असलं तर ओरडणार. सांग."

"काकांनी विचारलं होतं."

"कुणाला?"

"ह्यांना. फोन केला होता. तुम्ही दवाखान्यात होता. काका म्हणाले, खडक खणायला माणूस मिळत नाही, दवाखान्यातले दोन तासांत उरका म्हणून सांगतात, दादाची जागा तयार आहे, पण त्याला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. तेव्हा हे म्हणाले, तुम्ही घाला काकूंना तिथं. बाबांना मी सांगतो."

"मग सांगितलं का नाय?"

"तुम्ही कब्रस्तानातून आलात तेच चोर चोर ओरडत. हे घाबरले. आज सांगू, उद्या सांगू. वर्षभरानं काकांकडं गेले, म्हणाले आता मी सांगून टाकतो. काका म्हणाले, राहू दे."

"राहू दे म्हणाला?"

"म्हणाले, दादा एका माणसावर चिडलाय तेवढं पुरे."

मी ओरडलो नाही. वही मिटली नि विचारलं, "मग आज का सांगितलंस?"

"उद्या तुम्ही तिथं उभं राहून, मी त्यांना माफ केलं असं म्हणाला असतात," ती म्हणाली. "मला ते बसून ऐकवलं नसतं, मामा."

चारला मुलगा आला. सुनेनं त्याला दारातच काहीतरी सांगितलं असावं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मान खाली. पस्तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि उभा असा की पाटी फोडून आलाय. मी चप्पल घातली नि एकटाच चर्चला गेलो.

प्रभुभोजनाला माणसं कठड्याशी जाऊन गुडघे टेकतात, साहेब भाकरीचा तुकडा नि द्राक्षरस देतात. पाच वर्षं मी जात नव्हतो. मनात वैर ठेवून ते खायचं नाही, एवढं मी पाळत होतो, आणि त्याचाही मला अभिमान होता. माझ्या रांगेची पाळी आली, शेजारचे उठले, मी बसून राहिलो. आजवर रागानं बसत होतो, त्या दिवशी लाजेनं बसलो. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. धाकटा कठड्यावरून परत येताना माझ्या बाकाजवळ जरासा थांबला, मग गेला.

शुक्रवारी क्रूसावर काळं कापड होतं. आम्ही सात जण पुढच्या बाकावर. मी, मग सिस्टरबाई, आणि पलीकडं दोन माणसं सोडून धाकटा. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. वही मी घरीच ठेवली होती. साहेबांनी पहिला उद्गार वाचला आणि माझ्याकडं बघितलं. उठताना गुडघा वाजला तो मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल.

मी जे बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण फार नव्हतं.

"मला बोलता येत नाय. प्रभूनं कुणासाठी माफी मागितली, तर खिळे ठोकणाऱ्यांसाठी. ठोकणाऱ्याला वाटतं, आपण आपलं काम करतोय, सरळ करतोय. चाळीस दिवस मी विचार करत होतो की माफी द्यावी का नाय. म्हणजे मी देणाऱ्याच्या बाजूला उभा हाय असं मी धरून चाललो होतो. काल दुपारी कळलं, हातोडी माझ्या हातात हाय. हातोडीची मला लई सवय, म्हणून जाणवली नाय. आपल्या कब्रस्तानात एक कबर काळी हाय. तुम्ही सगळ्यांनी बघितली. ती मी ठेवली. आणि ज्याच्यावर ठोकत होतो, तो खरं काय ते माहीत असून पाच वर्षं बोलला नाय."

इथं मला धाकट्याकडं वळून बोलायचं होतं. मान वळली नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, एकट्या त्याला म्हणवलं नाही.

"एवढंच," म्हणून बसलो. सिस्टरबाईंनी त्यांच्या पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. या वेळी टोमणा नाही.

धाकट्याची पाळी आली तेव्हा मंडळी सावरून बसली, कारण तो वीस मिनिटं बोलतो आणि चांगलं बोलतो. तो उभा राहिला, चष्म्याची डबी उघडली, मिटली. "तहान काय असते ते मला आज सांगता येणार नाही," म्हणाला, आणि खाली बसला. साहेबांनी गीत सुरू केलं.

उपासना सुटल्यावर मी बाजूच्या दारानं निघालो. गेटाशी तो उभा असणार हे मला माहीत होतं. गेलो नाही. घरी येऊन मुलाला म्हणालो, "चुनकळी भिजव. या साली एक घमेलं जास्त टाक."

"हो, बाबा," तो म्हणाला, आणि रिकामं घमेलं हातात धरून तिथंच उभा राहिला. मग एकदम वळून पिंपाकडं गेला.

शनिवारी सातला गाळलेल्या चुन्याचं पिंप रिक्षातून घेऊन कब्रस्तानात पोचलो. माझ्या आधी कुणीतरी आलं होतं. बायकोच्या कबरीपाशी धाकटा उकिडवा बसलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात दाराला रंग द्यायचा बारका ब्रश. दुकानातला तयार चुना डब्यात कालवून माझ्या बायकोच्या कबरीला लावत होता. कोरड्या दगडावर. ओघळ खाली मातीत चाललेले. भावजयीच्या कबरीला त्यानं हात लावला नव्हता.

वाटेत मी काय काय जुळवून ठेवलं होतं. ते सगळं गेलं.

"कोरड्यावर चुना मारतात का रे?"

तो दचकला. वळून बघितलं. पाच वर्षांनी मी त्याच्याशी बोललो होतो, आणि बोललो ते हे.

"मग कसा मारतात?"

"आधी पाणी मारायचं. दगड पाणी प्याला की मग चुना धरतो. हे उद्या पहाटेपर्यंत पापुद्रे सुटून पडंल. मास्तरकी केलीस नुसती."

त्यानं बादली उचलली, नळावरून पाणी आणलं, आणि ओंजळीनं कबरीवर शिंपडायला लागला, फुलं वाहिल्यासारखं. मी त्याच्या हातातून बादली घेतली आणि सरळ ओतली. आधी बायकोच्या कबरीवर, मग भावजयीच्या. भेगांनी पाणी चर्र पिऊन टाकलं.

"चार वर्षं तू का नाय मारलास हिला?" मी विचारलं.

"आपल्या घरात चुना तू मारतोस."

"आणि पोरानं केलं ते का नाय सांगितलंस?"

तो ब्रशचे केस बोटानं सरळ करत बसला. "दादा, तुझं पोरगं तुझ्या घरात राहतं. त्याच्याशी बोलणं तोडलं असतंस तर तुला भाकरी गोड लागली नसती. मी पुंडलिकनगरात. माझ्याशी नाही बोललास तरी तुझं जेवण अडत नव्हतं."

मी कुंचा पिंपात बुडवला.

"चुकलो मी, बारक्या."

लहानपणी मी त्याला बारक्या म्हणायचो. त्यानं नाक ओढलं.

"हिकडं ये," मी म्हणालो. "हा दुसरा कुंचा घे, वहिनीच्या कबरीला तू मार. पहिला हात आडवा, दुसरा उभा. भावजयीला पहिला हात मी मारतो."

त्यानं आडवा सांगितला तो उभा मारला, मी शिव्या दिल्या, परत मारून घेतला. चुना लावताना पांढरा दिसत नाही, राखाडी पाण्यासारखा दिसतो. वाळताना पांढरा होतो. नऊच्या सुमाराला आम्ही दोघं भिंतीच्या सावलीला टेकून वाळायची वाट बघत बसलो.

"तो कोपरा गुण्यात नाय," मी म्हणालो. "ईस्टर झाला की फोडतो आणि नीट करतो."

"फोड."

मग त्यानं विचारलं, "आणि तू, दादा? तुझी जागा?"

मी दोन्ही कबरींकडं बघितलं. मधे चार बोटांची फट, तिच्यात मांजरसुद्धा मावलं नसतं.

"हिच्यातच," मी म्हणालो. "बाई म्हणतात, वर्षं भरली की उघडता येती."

"किती राहिली?"

"सहा."

तो मास्तर माणूस, मनात बेरीज करायला लागला. माझं वय अधिक सहा. चेहऱ्यावर दिसत होतं.

"आणि त्याच्या आधी तुला काही झालं तर?"

"होत नाय," मी म्हणालो. "सहा वर्षं मी मरत नाय. ऊठ, उरलेल्या कबरी तुझा बाप रंगवणार हाय का?"